बारा हाका

१

भैयाजी वैद्यांच्या वाफेच्या खोलीत शिरण्याआधी माणसाला इतके नियम ऐकावे लागत, की निम्म्या लोकांना आपलं दुखणं तिथंच विसरायला होई. पोट भरलेलं नको. उन्हातून चालत आलेल्यानं आधी झाडाखाली बसून अंग निवू द्यायचं. तांब्याभर पाणी पिऊनच आत जायचं, डोक्यावर ओला पंचा ठेवायचा. ताप असलेल्यानं, छातीत धडधडणाऱ्यानं आणि पोटुशी बाईनं खोलीच्या आसपासही फिरकायचं नाही. दाराशी गार पाण्याचा घडा भरलेला पाहिजे. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, बाहेर हाक मारणारं माणूस बसलेलं असल्याशिवाय कोणीही आत जायचं नाही, मग तो गावचा पाटील का असेना.

वडशाहून तीन कोसांवर, वैनगंगेच्या काठच्या त्या गावात भैयाजींच्या घरामागच्या सांदवाडीत ही खोली होती. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. मातीच्या जाड भिंती, खिडकी नाही, आत बसायला एक बाक. मागच्या भिंतीला लागून बाहेर चूल, चुलीवर तांब्याचा हंडा, हंड्यात निरगुडीचा पाला. झाकण तांदळाच्या पिठानं लिंपून घ्यायचं आणि झाकणातून निघालेली बांबूची नळी भिंतीतून आत सोडायची. दार सागवानी होतं, बाहेरच्या अंगाला उघडणारं, आणि त्याला कडी मुळी नव्हतीच.

"भोवळ येऊन कोणी दारावर पडला, तर दारानं त्याले बाहेर फेकलं पाहिजे," भैयाजी सांगत. "आत कोंडून नाई घेतलं पाहिजे."

हाक मारायचं काम रुखमाबाईचं. ती भैयाजींच्या शेजारी राहणारी, चाळिशीची विधवा. पुढ्यात चिंचोक्यांची टोपली आणि एक मडकं घेऊन ती दाराशी बसायची. एकेक चिंचोका मडक्यात टाकायचा, वीस झाले की आतल्या माणसाला नावानं हाक द्यायची. आतल्यानं "हाय मी" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर दुसरी हाक, आणि तरीही नाही तर दार उघडून ओढून काढायचं. बारा हाका झाल्या की कोणीही असो, बाहेर.

धानाच्या चिखलात उभं राहून गुडघे धरलेल्या बाया यायच्या, लाकडाच्या गाड्या हाकून कंबर गेलेले गडी यायचे. शकुबाई तर दर आठवड्याला. हाक मारली की म्हातारी आतून ओरडायची, "हाय मी व बाई, मरत नाई अजून!" आणि बाहेर खसखस पिकायची. सात वर्षांत रुखमाबाईनं तिघांना ओढून काढलं होतं. तिघंही धडधाकट होते, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. ती स्वतः मात्र एकदाही आत बसली नव्हती. गुडघे तिचेही दुखत, पण हाक मारायला दुसरं भरवशाचं माणूस कोण होतं?

२

पौषात तिचा धाकटा भाऊ मुखरू वडशाहून बैलगाडीनं आला, तो गळ्याला मफलर गुंडाळून.

रुखमाबाई विधवा होऊन माहेरी आली तेव्हा मुखरू तीन वर्षांचा होता आणि आई नुकतीच गेली होती. तिनंच त्याला कडेवर वाढवलं. तो तिला बाई म्हणे. आता तो चोवीस वर्षांचा होता आणि वडशाच्या नाटक मंडळीत नायकाचं काम करत होता. त्याच्या गळ्यासाठी लोक तीन-तीन कोस चालत येत. मागच्या हिवाळ्यात साध्या सर्दीसाठी तो वाफेला बसला, तर आत बसून बाराही हाका होईपर्यंत गात राहिला होता. बाहेर नंबर लावून बसलेली मंडळी दुखणं विसरून ऐकत होती.

या खेपेला गळ्यातून नुसती हवा येत होती. ओळीनं अकरा रात्री दवात उभं राहून गायल्याचा हा परिणाम.

"सहा दिवसांनी मोठा खेळ हाय," तो कसाबसा कुजबुजला. "मालक म्हणते, तवर आवाज नाई आला तर इसरूले उभा करतो. तो पाठ करून राह्यला माह्यं काम."

इसरू एकदा उभा राहिला की मुखरूला कोण विचारतं? आणि गळा गेला तर तिच्या भावाजवळ दुसरं होतं काय? ना शेती, ना शाळा.

भैयाजींनी त्याचा घसा दिव्याच्या उजेडात पाहिला. "वाफ देऊ. पण गळ्याचं काम हाय, सहा हाका, जास्त नाई. आणि तुले बोलता येत नाई, त मुकाट बसजो. हाक आली की लोटा वाजवजो, तोच तुहा जबाब."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखरू पाणी पिऊन, डोक्यावर ओला पंचा टाकून, हातात पितळी लोटा घेऊन आत गेला. रुखमाबाईनं वीस चिंचोके टाकले.

"मुखरू?"

"हाय मी, बाई."

तिच्या हातातून टोपली पडता पडता राहिली. खणखणीत आवाज होता. मागच्या वर्षीचा, जसाच्या तसा. चुलीजवळ बसलेल्या भैयाजींनीही तो ऐकला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"पाह्यलं? वाफेनं गळा मोकळा झाला!"

सहाही हाकांना तोच आवाज. मुखरू बाहेर आला तेव्हा लालबुंद झाला होता. रुखमाबाईनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "अरे, तू बोलला! खणखणीत बोलला!"

मुखरूनं तोंड उघडलं. नुसती हवा.

"मी... लोटा वाजवला," तो कुजबुजला.

भैयाजी हसले. "उष्म्यात माणसाले कुठी भान रायते? बोलला तू, आमी दोघांनी ऐकलं. बाहेरची थंडी लागली, गळा परत मिटला. उद्या आठ हाका."

रुखमाबाईलाही ते पटलं. न पटायला काय झालं? पण रात्री भाकरी थापताना तिला आठवलं, की लोटा वाजल्याचं तिनं काही ऐकलं नव्हतं. नंतर वाटलं, आपल्याच आनंदात आपलं ऐकायचं राहिलं असेल. मुखरूकडे पाहिलं, तर तो स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवून हसत होता. बाईनं ऐकलं म्हणजे आवाज आहे, एवढं त्याला पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कान देऊन ऐकलं. "मुखरू?" म्हणताच आतून "हाय मी, बाई" आलं आणि त्याच्या मागे, खूप लांबून आल्यासारखं, टण. चार पावलांच्या खोलीत लांब कुठून आलं?

तिसऱ्या दिवशी दहा हाका झाल्या. उत्तर आता लवकर यायला लागलं होतं, तिचं "रू" संपायच्या आत. मुखरू बाहेर आला तो लोटा छातीशी धरून, आणि वाफेच्या नळीकडे पाहत बसला. पण आवाज किती छान होता! रुखमाबाईला तर हाक मारायचा मोहच पडला होता. आता तर वीस चिंचोके व्हायची वाट पाहणंही तिला जड जाई.

४

पाचव्या दिवशी भैयाजींना आरमोरीला एका बाळंतिणीकडे जावं लागलं. जाताना त्यांनी चारदा बजावलं, "दहाच हाका. नाई त गळा सोडून जीव जाईल."

दुसऱ्या दिवशी खेळ होता. मुखरूनं बहिणीपुढे हात जोडले, दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि वर आणखी दोन. बारा.

"बरं," ती म्हणाली. हे "बरं" पुढे तिला रात्रंदिवस खात राहिलं.

आठ हाकांपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिनं विसावा चिंचोका मडक्यात टाकला, हाकेसाठी श्वास घेतला, आणि तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला:

"हाय मी, बाई."

चिंचोके मोजत असेल तोही, तिनं मनाशी म्हटलं. मडक्यातला टक्-टक् आवाज आत जातोच की. दहाव्या हाकेला तिच्या लक्षात आलं, की लोटा आता मुळीच वाजत नाही. आवाज आलाय तर लोटा कशाला वाजवेल? अकरा झाल्या. बारा झाल्या.

"बस झालं, निघ बाहेर."

"हाय मी, बाई."

"निघ म्हणते ना, मुखरू."

"हाय मी, बाई."

तोच सूर, तीच लांबी, कणभर फरक नाही. सांदवाडीत ऊन पसरलं होतं, कोंबड्या माती उकरत होत्या, आणि रुखमाबाईनं टोपली बाजूला सारली. तिला जे सुचलं ते का सुचलं, हे तिला कधी सांगता आलं नाही. शकुबाई चार दिवसांपूर्वीच लेकीकडे वरोऱ्याला गेली होती. रुखमाबाई दाराजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली,

"शकुबाई?"

"हाय मी व बाई, मरत नाई अजून!"

तिनं दार ओढलं. वाफेचा लोट तोंडावर आला. मुखरू जमिनीवर पालथा पडला होता. हातात लोटा तसाच घट्ट, आणि लोट्याचा काठ चेपलेला. किती वेळ, किती जोरानं वाजवला असेल त्यानं? तिनं त्याला काखेत धरून ओढलं. ओढता ओढता एकदाच तिची नजर समोरच्या बाकावर गेली. भिंती निथळत होत्या, जमीन भिजली होती, बाकही ओला होता. फक्त बाकाच्या मधोमध माणूस बसेल एवढी जागा कोरडी होती. आणि खाली जमिनीवर दोन पावलांएवढी.

तिनं परत पाहिलं नाही.

५

मुखरू वाचला. दोन दिवस ताप होता, मग उतरला. पण आता कुजबुजही निघेना. खेळ इसरूनं केला, आणि चांगला केला असं लोक म्हणाले.

रुखमाबाईनं भैयाजींना सगळं सांगितलं. "दोन हाका जास्तीच्या झाल्या, बाई. उष्मा मारतो माणसाले, भुताची काही गरज नाई. सात वर्षं तेच ऐकून राह्यली तू. कान सवयीनं ऐकते." पण बोलताना ते खोलीकडे पाहत नव्हते, आणि त्या दिवसापासून चूल विझली ती विझलीच. दुखणेकऱ्यांना ते आता तेल लावून परत पाठवू लागले.

मुखरूला तिनं शकुबाईचं काही सांगितलं नाही. आधीच मोडलेल्या पोराला आणखी घाबरवायचं कशाला? इथंच ती चुकली. त्याच्या लेखी त्या खोलीत त्याचा आवाज परत आला होता, खुद्द बाईनं ऐकला होता. तो अधूनमधून खोलीकडे बोट दाखवायचा, मग गळ्याकडे. ती मान हलवायची. कधी तो तिच्या गुडघ्यांकडे बोट दाखवायचा, म्हणजे तू तरी बस की, मी बसतो दाराशी. ती त्याला दटावायची.

आणि खरं सांगायचं तर तिलाही तो आवाज ऐकू यावा असं वाटे. दिवसातून दहादा. या वाटण्याची तिला लाज वाटायची.

६

फागुनात भैयाजी मुलाकडे राजुऱ्याला गेले. त्याच आठवड्यात रुखमाबाई वडशाच्या बाजाराला गेली. तेल-मीठ घेतलं, भुकेच्या तडाख्यात पोटभर भजी खाल्ली, आणि ऐन दुपारी तीन कोस चालत परत निघाली. वाटेतल्या विहिरीवर दोर नव्हता, म्हणून पाणी राहिलं.

गावाच्या वळणावर तिला निरगुडीचा वास आला.

ती धावतच सांदवाडीत शिरली. चूल ढणढण पेटली होती. हंडा उकळत होता, झाकणाला ताजं पीठ लिंपलेलं होतं, अगदी भैयाजी लिंपायचे तसं. दाराशी चिंचोक्यांची टोपली आणि मडकं मांडून ठेवलं होतं. दार लावलेलं. मुखरू कुठंच नव्हता.

"हाय मी, बाई," आतून आवाज आला.

कोणी हाक मारली नव्हती. आवाज खणखणीत होता, मोकळा, आनंदी. इतके दिवस जो आवाज ऐकायला ती झुरत होती, तो ऐकून तिनं आयुष्यात पहिल्यांदा देवाजवळ मागितलं, की हा माझ्या भावाचा नसू दे.

मुखरू आत आहे का? नुसती हाक मारली असती तर कळलं असतं. सात वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? पण आता हाकेला अर्थच उरला नव्हता. हाक मारली असती तर उत्तर येणारच होतं. तो आत असो, नसो, मेलेला असो.

तिनं दाराशी चपला काढल्या. पदर तोंडावर धरला, एक हात पुढे केला आणि ती आत शिरली. दार तिच्या मागे आपलं आपण लागलं.

७

आत काही दिसत नव्हतं. ती वाकून जमीन चाचपत पुढे गेली. बाक लागला, त्याच्या खाली हात घातला. ओली माती. कोपऱ्यात ओली माती. कोणी नव्हतं. मुखरू नव्हता!

तेव्हा कुठे तिला आठवलं, की दाराशी सगळं मांडलेलं होतं, फक्त गार पाण्याचा घडा नव्हता. शहाणं पोर ते. घडा भरायला नदीवर गेला असणार. हाक मारणारं माणूस आल्याशिवाय तो आत बसणारच नव्हता. तिचीच वाट पाहत होता तो, सगळे नियम पाळून. तिला हसूही आलं आणि रडूही.

ती वळली. दार चार पावलांवर होतं. तिनं चार पावलं टाकली. पाचवं टाकलं. सहावं, सातवं. पुढे केलेल्या हाताला ना दार लागलं, ना भिंत. अंगात ऊन होतं, पोटात भजी होती, घसा कोरडा ठाक होता. छातीत ढोल वाजायला लागला. एकेक नियम तिला आठवत गेला, सात वर्षं लोकांना सांगितलेला.

मग बाहेर घडा ठेवल्याचा आवाज आला. थोडा वेळ काहीच नाही. तो तिच्या चपला पाहत असणार.

टण. टण. टण.

मुखरू लोटा वाजवत होता. तोंडानं हाक मारता येत नव्हती, म्हणून लोट्यानं विचारत होता: बाई, आत तूच ना? बरी आहेस ना?

तिनं तोंड उघडलं. सगळा जीव गोळा करून ओरडायला गेली, आणि घशात नुसती वाफ भरली. आवाज फुटला नाही. दोनदा उत्तर आलं नाही की दार उघडायचं, हे त्याला ठाऊक होतं. गप्प राहिलं तरी पुरे होतं. नुसतं गप्प राहिलं, तरी तो दार उघडणार होता.

तिच्या अगदी कानाशी, बाकाच्या बाजूनं, तिच्याच आवाजात कोणीतरी शांतपणे म्हणालं,

"हाय मी."

बाहेर मुखरूनं टोपली जवळ ओढली, आणि मडक्यात पहिला चिंचोका पडला.